धातूंच्या बाजारात मोठी खरेदी कुठे संपते आणि भावाची कोंडी कुठे सुरू होते?

ताम्रपट

शेअरबाजारातल्या लबाड्यांवर इथे वरचेवर चर्चा होते. धातूंच्या बाजारावर मात्र शोधूनही धागा सापडला नाही, म्हणून काढतोय. मी वायर बनवणाऱ्या कंपनीत खरेदी खात्यात आहे, तांबं आणि ॲल्युमिनियम हे रोजचं काम.

ऑक्टोबर २०२१ मधली गोष्ट घ्या. लंडन मेटल एक्स्चेंजच्या, म्हणजे एलएमईच्या गोदामांत जे तांबं कुणी उचलण्यासाठी राखून ठेवलेलं नव्हतं, ते १५ हजार टनांच्याही खाली गेलं. १९७४ नंतरचा नीचांक. लगेच उचलायच्या तांब्याचा भाव तीन महिन्यांनंतरच्या तांब्यापेक्षा टनामागे १,००० डॉलरहून जास्त झाला. माल उचलणाऱ्यांत ट्रॅफिगुरा ही मोठी व्यापारी कंपनी होती अशा बातम्या आल्या. कंपनीचं म्हणणं, आम्हाला आमच्या गिऱ्हाइकांना माल पोचवायचाय. शेवटी एलएमईने या फरकावर मर्यादा घातली आणि ज्यांच्याकडे माल नव्हता त्यांना पैसे भरून डिलिव्हरी पुढे ढकलायची मुभा दिली.

रोख पैसे मोजून माल घेणं हा गुन्हा कसा म्हणायचा? आणि तोच माल कुलपात ठेवून समोरच्याकडून मागू तो भाव वसूल करणं, याला व्यापार तरी कसं म्हणायचं? माझं मत आधीच सांगतो. भाव फिरवायला जगातलं तांबं विकत घ्यावं लागत नाही. ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या गोदामातून जेवढं देता येतं तेवढं हाताशी असलं की पुरतं. त्यामुळे पहारा हवा तो गोदामाच्या दारावर. नियामक मात्र बराच काळ नुसते सौदे मोजत बसले.

निशिगंधा

वाचतेय. दोन प्राथमिक प्रश्न. मालच नाही तर लोक विकतात कसे? आणि भाव एवढा चढला तर बाहेरून तांबं आणून का देत नाहीत?

ताम्रपट

निशिगंधा, वायदा म्हणजे ठरलेल्या तारखेला ठरलेल्या भावाने माल देण्या-घेण्याचा करार. तो विकणारे सगळेच सट्टेवाले नसतात. ज्याचा माल खाणीत किंवा जहाजावर आहे तो भाव पडेल या धास्तीने वायदा विकून ठेवतो. तारीख जवळ आली की सौदा परत खरेदी करून मिटवायचा आणि खरा माल नेहमीच्या गिऱ्हाइकाला द्यायचा, अशी रीत आहे. समोरचा 'मला मालच हवा' म्हणून अडून बसला की पंचाईत होते.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. एलएमईला कुठलंही तांबं चालत नाही. नोंदणी झालेल्या ब्रँडचं, ठरलेल्या शुद्धतेचं कॅथोड, म्हणजे शुद्ध तांब्याचे पत्रे, हवं, २५ टनांचा लॉट हवा, मान्यताप्राप्त गोदामात ठेवून त्याची पावती, म्हणजे वॉरंट, निघालेलं हवं. जहाज बंदराला लागून वॉरंट हातात पडेपर्यंत आठवडे जातात आणि सौद्याची तारीख परवावर आलेली असते. जगात वर्षाला दोन कोटी टनांहून जास्त शुद्ध तांबं तयार होतं. पण गाणं थांबलं की संगीत खुर्चीत मांडलेल्या खुर्च्याच मोजायच्या, घरातल्या नाही. त्या महिन्यात मांडलेल्या खुर्च्या १५ हजार टनांपेक्षा कमी होत्या.

अविचल

चांगला विषय. यात हंट बंधूंचं नाव यायलाच हवं.

नेल्सन बंकर हंट आणि विल्यम हर्बर्ट हंट, टेक्सासमधल्या तेलसम्राटाची मुलं. १९७९ च्या सुरुवातीला चांदी औंसाला सहा डॉलरच्या आसपास होती. जानेवारी १९८० मध्ये ती ५० डॉलरला टेकली. हे दोघे वायदे घ्यायचे, तारीख आली की पैसे न घेता चांदीच उचलायचे, आणि त्यावर कर्ज काढून पुढचे वायदे घ्यायचे. ७ जानेवारी १९८० ला न्यूयॉर्कच्या कॉमेक्स या वायदेबाजाराने नवीन खरेदीवर कडक बंधनं आणली. २१ तारखेला तर फक्त असलेले सौदे मिटवायचे, नवीन घ्यायचे नाहीत, असा हुकूम निघाला. भाव कोसळला, मार्जिनची, म्हणजे सौद्यापोटी भरायच्या अनामत रकमेची, मागणी पुरी करता येईना आणि २७ मार्च १९८० ला, ज्याला 'सिल्व्हर थर्सडे' म्हणतात, चांदी १०.८० डॉलरवर आली. बँकांनी १.१ अब्ज डॉलरचं कर्ज देऊन तात्पुरतं सावरलं. १९८८ मध्ये पेरूच्या सरकारी खनिज कंपनीने लावलेल्या दिवाणी दाव्यात ज्यूरीने हंट बंधूंना बाजार फिरवल्याबद्दल जबाबदार धरलं आणि दोघेही दिवाळखोरीत गेले.

पण दुसरी बाजू बघा. नियम बदलणाऱ्या कॉमेक्सच्या मंडळावरच्या काही सदस्यांचे किंवा त्यांच्या पेढ्यांचे चांदीत मंदीचे, म्हणजे भाव पडला तर फायदा देणारे, सौदे होते. खेळ चालू असताना खेळाडूच नियम बदलतात, यालाही फिरवाफिरवच म्हणायला हवं.

सायली_व

अविचल, शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत.

मंदार७७

मला हा सगळा आरडाओरडा जास्त वाटतो. कोंडी करणारा शेवटी स्वतःच बुडतो. हंट बुडाले. जपानच्या सुमितोमोचा तो तांब्याचा राजाही बुडाला. साठवलेला माल कधीतरी विकावाच लागतो आणि विकायला काढला की भाव आपल्याच अंगावर कोसळतो. बाजार शिक्षा देतोच, मग कायद्याची एवढी आवश्यकता काय?

उत्तररंग

मंदार७७, तो बुडतो हे खरं, पण केव्हा? सुमितोमोच्या यासुओ हमानाकाला बाजारात 'मिस्टर फाइव्ह पर्सेंट' म्हणायचे, जगाच्या तांबे व्यापारातला तेवढा वाटा एकट्याच्या हातात म्हणून. हा प्रकार सुमारे दहा वर्षं चालला. जून १९९६ मध्ये सुमितोमोने आधी १.८ अब्ज डॉलरचा तोटा जाहीर केला, नंतर तो २.६ अब्जांवर गेला. हमानाकाला १९९८ मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली आणि अमेरिकेच्या कमोडिटी वायदे आयोगाने, सीएफटीसीने, कंपनीकडून दंड आणि भरपाई मिळून १५ कोटी डॉलर घेतले.

बातमी फुटायच्या आसपासच्या आठवड्यांत तांब्याचा भाव सुमारे पाव हिश्शाने उतरला. म्हणजे तेवढी हवा भावात भरलेली होती. ती हवा तोवर कोण विकत घेत होतं? केबलवाले, मोटर वाइंडिंगवाले, नळ बनवणारे. बाजार शिक्षा देतो म्हणताना ती मधल्या काळात कुणाला देतो, हेही बघायला हवं.

या प्रकरणानंतर एलएमईने एक चांगला नियम आणला. एखाद्याकडे एकूण वॉरंटांपैकी अर्ध्याहून जास्त आली, की त्याने ती बाजाराला ठरावीक मर्यादेतल्या दराने एका दिवसासाठी उसनी द्यायची. अडवणूक करता येऊ नये, एवढाच हेतू. मालकी कुणी काढून घेत नाही.

मंदार७७

उत्तररंग, मुद्दा मान्य. तरी एक सांगतो, भाव धरून ठेवणारे फक्त खाजगी व्यापारी नसतात. २२ देशांची आंतरराष्ट्रीय कथील परिषद वर्षानुवर्षं माल विकत घेऊन कथिलाचा भाव वर धरून होती. २४ ऑक्टोबर १९८५ ला तिचे पैसे संपले. एलएमईवरचा कथिलाचा व्यवहार बंद पडला तो थेट १९८९ मध्ये सुरू झाला. धनको ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेले, तर तिथे निकाल लागला की परिषदेच्या देण्याला सदस्य देश जबाबदार नाहीत. तेव्हा सरकारी कोंडीलाही तोच मापदंड लावा.

उत्तररंग

लावायलाच हवा. त्यात कथिलाच्या खाणी बंद पडल्या आणि कामगार रस्त्यावर आले.

धातुवेडा

ताम्रपट, तुमचा 'गोदामाचं दार' हा मुद्दा सगळ्यात जास्त पटतो. त्याचं सर्वात स्पष्ट उदाहरण डेट्रॉइटचं ॲल्युमिनियम आहे, ते जरा सविस्तर लिहितो.

२००८ च्या मंदीनंतर ॲल्युमिनियमला मागणी नव्हती आणि व्याजदर तळाला होते. माल विकत घ्यायचा, वायदा चढ्या भावाला विकायचा, गोदामात ठेवून द्यायचा, फरक खिशात. त्यामुळे गोदामं भरली. २०१० मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेने मेट्रो इंटरनॅशनल ही गोदाम कंपनी विकत घेतली. तिची डेट्रॉइट परिसरात डझनांनी गोदामं होती.

एलएमईचा तेव्हाचा नियम असा, की एका गोदाम कंपनीने एका शहरातून दिवसाला किमान १,५०० टन माल बाहेर सोडलाच पाहिजे. किमान म्हणून घातलेला आकडा, पण प्रत्यक्षात तोच कमाल होऊन बसला. आत माल कितीही येवो, बाहेर जायची मोरी तेवढीच. बाहेर पडायची रांग लागली, आणि रांगेत उभ्या असलेल्या मालाचंही भाडं चालूच. टनाला दिवसाला ४८ सेंट. गोदाम कंपनीने याच भाड्यातून नवीन माल आणणाऱ्यांना बक्षिसी दिली, म्हणजे आणखी माल आत आणि रांग आणखी लांब.

अमेरिकी सिनेटच्या उपसमितीच्या नोव्हेंबर २०१४ च्या अहवालात हे सगळं कागदपत्रांनिशी आलंय. माल रांगेतून बाहेर निघायचा, ट्रकवर चढायचा, आणि त्याच कंपनीच्या थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या गोदामात उतरायचा. फोर्कलिफ्टवाले एका इमारतीतून काढून दुसरीत रचत होते. कागदावर माल 'बाहेर' गेला, किमान मर्यादा पाळली गेली. कारखान्यात मात्र त्यातला एक पत्राही पोचला नाही. २०१४ मध्ये रांग ६०० दिवसांच्याही वर गेली होती.

आणि कळीचा भाग पुढेच आहे. ज्याने कधी त्या गोदामातून माल घेतला नाही त्यालाही याची झळ बसली. उत्तर अमेरिकेत ॲल्युमिनियमची किंमत म्हणजे एलएमईचा भाव अधिक प्रीमियम, म्हणजे माल प्रत्यक्ष हाती पडण्यासाठी द्यायची वरची रक्कम. रांग वाढली की लगेच हाती येणाऱ्या मालाचा प्रीमियम वाढतो, आणि तो प्रत्येक डब्यात, प्रत्येक खिडकीच्या चौकटीत जातो. कोका-कोलाने २०११ मध्येच एलएमईकडे तक्रार केली होती. २०१३ मध्ये मिलरकूर्स या बिअर कंपनीने सिनेटपुढे साक्ष दिली.

गोल्डमनचं म्हणणं होतं की आम्ही नियम मोडला नाही. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांनी कंपनी विकून टाकली. नंतर एलएमईने जितकं आत घ्याल त्याच्याशी बाहेर सोडणं बांधून टाकलं, तेव्हा रांगा ओसरल्या.

निशिगंधा

बाप रे! हे वाचून चक्रावलेच. माल एका गोदामातून दुसऱ्या गोदामात फिरवायचा आणि त्याचंही भाडं घ्यायचं!

ताम्रपट

धातुवेडा, मनापासून आभार. त्या काळात आम्ही प्रीमियमच्या वाढीचा अनुभव घेतलाय. एलएमईचा भाव उतरतोय आणि आमचं बिल चढतंय, असं दर महिन्याला व्हायचं. वरिष्ठांना समजावताना नाकी नऊ यायचे. भावाचा आलेख त्यांच्या समोर, आणि तो खाली जाताना दिसतोय. 'तुम्ही पुरवठादाराशी नीट बोलत नाही,' हे ऐकून घ्यावं लागायचं.

केतकी

गोदामाचाच विषय निघालाय तर दगडांची गोष्ट कुणीच कशी काढली नाही? मार्च २०२३ मध्ये रॉटरडॅमच्या एका गोदामात एलएमईची वॉरंटं असलेल्या निकेलच्या बॅगा उघडल्या तर आत दगड! नऊ वॉरंटं, ५४ टन. मालकी जेपी मॉर्गनची. जगातली सर्वात मोठ्यांपैकी एक बँक दगडांची पावती सांभाळत बसली होती, यावर हसावं की काय कळेना. मग एलएमईने सगळ्या गोदामांना बॅगेतलं निकेल निदान वजन करून तपासा असं सांगितलं.

जुना_जाणता

केतकी, हा प्रकार फार जुना आहे. १९६३ चं 'सॅलड ऑइल' प्रकरण. टिनो डी अँजेलिस नावाच्या व्यापाऱ्याच्या न्यू जर्सीतल्या टाक्यांत सोयाबीन तेल असल्याच्या पावत्या अमेरिकन एक्स्प्रेसच्या गोदाम शाखेने दिल्या होत्या. तपासनीस वरून बघायचा, तर तेलच दिसायचं. तेल पाण्यावर तरंगतं आणि खाली सगळं पाणी. शिवाय टाक्या आतून नळांनी जोडलेल्या, त्यामुळे तपासणी पुढे सरकली की तेलही पुढच्या टाकीत. त्या पावत्यांवर कर्ज काढून तो तेलाचे वायदे घेत होता. म्हणजे नसलेल्या तेलाच्या जिवावर असलेल्या तेलाचा भाव चढवणं. शेवटी भाव पडला आणि सगळं उघडकीला आलं.

२०१४ मध्ये चीनच्या चिंगदाओ बंदरात तेच. तांबं आणि ॲल्युमिनियमच्या एकाच ढिगावर निरनिराळ्या बँकांकडे पावत्या गहाण. आपल्याकडचं २०१३ चं नॅशनल स्पॉट एक्स्चेंजचं प्रकरणही याच जातीचं. दोन दिवसांचा खरेदीचा आणि पंचवीस दिवसांचा विक्रीचा असे जोडसौदे, गुंतवणूकदाराला पक्कं व्याज मिळाल्यासारखं, आणि ३१ जुलै २०१३ ला व्यवहार थांबल्यावर कळलं की गोदामांत माल नाही. सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले.

अविचल

काका, माहिती उत्तम, पण ही सरळ फसवणूक झाली. धाग्याचा विषय भाव फिरवणं आहे. नसलेला माल दाखवणं वेगळं आणि असलेला माल अडवणं वेगळं.

जुना_जाणता

अविचल, मी दोन्ही एकाच घरातली मानतो. दोन्हीत बाजाराला जो साठा दिसतो तो खरा नसतो. एकात आकडा फुगवलेला, दुसऱ्यात आकडा बरोबर पण माल हलत नाही. डेट्रॉइटला टनांचा आकडा अगदी खरा होता, तरी विकत घेणाऱ्याला तो ६०० दिवस नसल्यासारखाच होता.

ताम्रपट

काकांनी नेमकं बोट ठेवलं.

सायली_व

जरा वेगळी बाजू मांडते. मी कमोडिटीच्या अनुपालन विभागात, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या खात्यात, काम करते, आमच्याकडे गोदामापेक्षा पडद्यावरची लबाडी जास्त येते. मोठ्या विक्रीच्या ऑर्डरी लावायच्या, भाव घसरेल असं सगळ्यांना वाटायला लावायचं, खाली आपली छोटी खरेदी उरकायची आणि मोठ्या ऑर्डरी क्षणात मागे घ्यायच्या. याला स्पूफिंग म्हणतात. अमेरिकेत २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने ते स्पष्ट शब्दांत बेकायदा ठरवलं. सप्टेंबर २०२० मध्ये जेपी मॉर्गनने सोनं-चांदी आणि सरकारी रोख्यांतल्या अशा प्रकारांसाठी ९२ कोटी डॉलर भरले. त्यांचे दोन व्यापारी, मायकेल नोवाक आणि ग्रेग स्मिथ, ऑगस्ट २०२२ मध्ये दोषी ठरले आणि पुढे त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली.

पण मला सगळ्यात बोलकं वाटतं ते बार्कलेज या ब्रिटिश बँकेचं. २८ जून २०१२, लंडनचं दुपारचं सोन्याचं फिक्सिंग, म्हणजे सगळ्यांनी धरायचा भाव रोज ठरवण्याची प्रक्रिया. एका ग्राहकाने बँकेकडून घेतलेल्या करारात अट होती की त्या दिवशी भाव १,५५८.९६ डॉलरच्या वर ठरला तर बँकेने त्याला ३९ लाख डॉलर द्यायचे. बँकेच्या डॅनियल प्लंकेट या व्यापाऱ्याने फिक्सिंग चालू असताना विक्रीच्या ऑर्डरी टाकल्या. भाव ठरला १,५५८.५०. शेहेचाळीस सेंटने ग्राहकाचे ३९ लाख गेले! ग्राहकाने विचारणा केली म्हणून हे उघडकीला आलं. मे २०१४ मध्ये ब्रिटनच्या नियामकाने, एफसीएने, बँकेला २.६ कोटी पौंड दंड केला. आणि हे घडलं ते लायबोर या व्याजदराच्या आकड्यात फिरवाफिरव केल्याबद्दल याच बँकेला झालेल्या दंडाची घोषणा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी.

इथे ना गोदाम, ना कोंडी. म्हणून ताम्रपट, पहारा फक्त दारावर हवा हे मला अपुरं वाटतं.

ताम्रपट

सायली, बरोबर आहे, 'फक्त' म्हणण्याइतकं नाही. तरी दोन्हींत माझ्या मते फरक आहे. स्पूफिंगचा परिणाम मिनिटांत विरतो, नुकसान समोरच्या व्यापाऱ्याचं. कोंडीचा परिणाम महिनोन् महिने राहतो आणि जो कधीच बाजारात नव्हता त्याच्या बिलात येतो.

धातुवेडा

मार्च २०२२ चं निकेल या दोन्हींच्या मधलं आहे.

चीनच्या सिंगशान समूहाने, शिआंग गुआंगदा त्याचे मालक, निकेलमध्ये दीड लाख टनांहून जास्त मंदीचे सौदे करून ठेवले होते. त्यांचं निकेल उत्पादन प्रचंड, पण ते ज्या रूपात निघतं ते एलएमईला डिलिव्हरीसाठी चालत नाही. म्हणजे घरात डोंगराएवढं निकेल आणि दाराशी देण्यासारखं काही नाही! युक्रेन युद्धाने भाव चढू लागला. ७ मार्चला एका दिवसात तो २९ हजार डॉलरवरून ४८ हजारांच्या आसपास गेला. ८ मार्चच्या पहाटे एक लाखाच्या पार. एलएमईने व्यवहार थांबवले आणि त्या दिवशी झालेले सगळे सौदे रद्द केले.

सिंगशानच्या सौद्यांपैकी मोठा भाग एक्स्चेंजवर नव्हताच, तो बँकांशी परस्पर केलेला होता. त्यामुळे एकाच माणसाच्या हातात केवढं ओझं आहे हे एक्स्चेंजला दिसत नव्हतं.

मंदार७७

आणि त्या दिवशी ज्यांनी चढ्या भावाला रीतसर निकेल विकलं त्यांचं काय? सौदा झाला, भाव ठरला आणि दुपारी कळलं की तो झालाच नाही. एलिएट आणि जेन स्ट्रीट या गुंतवणूक कंपन्या कोर्टात गेल्या, एलिएटने तर ४५ कोटी डॉलरहून जास्त मागितले. नोव्हेंबर २०२३ मध्ये दोघीही हरल्या, मग अपिलातही एलिएट हरली. कायद्याने एक्स्चेंजला अधिकार असेल, पण माझ्या दृष्टीने बाजाराचा विश्वास त्या दिवशी तुटला. अविचलने हंटच्या वेळचं लिहिलंय ते पुन्हा घडलं.

सायली_व

मंदार७७, इथे तुमच्याशी सहमत. मार्च २०२५ मध्ये एफसीएने एलएमईला ९२ लाख पौंड दंड केला. त्यांच्या निष्कर्षात आहे की त्या पहाटे कामावर कनिष्ठ कर्मचारी होते, अशा वेळी काय करायचं याची तयारी करून घेतलेली नव्हती, आणि भावाला आवर घालणाऱ्या मर्यादा त्यांनी उलट सैल केल्या. एवढ्या मोठ्या बाजाराची चावी रात्रपाळीला कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न कुणी आधी विचारला नव्हता. त्या प्रकरणानंतर २०२२ मध्ये भावाच्या चढउताराला दिवसाला १५ टक्क्यांची मर्यादा आली आणि परस्पर सौद्यांची माहिती दर आठवड्याला द्यायचा नियम झाला.

केतकी

थोडं अवांतर. कांद्याचे वायदे अमेरिकेत १९५८ पासून कायद्याने बंद आहेत हे माहीत आहे का? १९५५ मध्ये व्हिन्सेंट कोसुगा आणि सॅम सीगल या दोघांनी शिकागोत जमेल तेवढा कांदा ताब्यात घेतला. मग शेतकऱ्यांना सांगितलं की तुम्ही घेतला नाही तर हा सगळा बाजारात ओतू. शेतकऱ्यांनी भीतीने काही घेतला. तोवर या दोघांनी गुपचूप मंदीचे सौदे करून ठेवले होते आणि मग खरोखरच कांदा ओतला. ५० पौंडांचं पोतं १० सेंटला गेलं, कांद्यापेक्षा रिकाम्या पोत्याला जास्त पैसे! चढवताना एकदा आणि पाडताना एकदा, दोन्हीकडून कमाई. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड तेव्हा बंदीसाठी पुढे होते.

अविचल

केतकी, मस्त माहिती. पण बंदी हा उपाय मला पटत नाही. वायदा गेला की शेतकऱ्याचं भाव बांधून घ्यायचं साधनही जातं.

उत्तररंग

मूळ प्रश्नाकडे येऊ या. मोठी खरेदी आणि लबाडी यांतला फरक कसा ओळखायचा?

जुलै २०१० मध्ये अँथनी वॉर्ड यांच्या अर्माजारो कंपनीने लंडनच्या बाजारातून २,४०,१०० टन कोको उचलला, जगाच्या वर्षाच्या उत्पादनाच्या सुमारे सात टक्के. भाव १९७७ नंतरच्या उच्चांकावर गेला, चॉकलेटवाले संतापले. पण कंपनीने पैसे मोजले, माल घेतला, पीक कमी येईल असा अंदाज होता. कारवाई झाली नाही आणि मला ते योग्य वाटतं.

आता २००४ मधलं बीपी या तेल कंपनीचं प्रोपेन वायूचं प्रकरण बघा. टेक्सासच्या पाइपलाइनमधल्या एका प्रकारच्या प्रोपेनचा जवळजवळ सगळा साठा त्यांच्या व्यापाऱ्यांनी ताब्यात घेतला, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. हेतू एवढाच, की ज्यांना महिनाअखेरीस प्रोपेन द्यायचंय त्यांनी आपल्याकडूनच घ्यावं. २००७ मध्ये बीपीने ३० कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरून प्रकरण मिटवलं. व्यापाऱ्यांवरचे फौजदारी आरोप मात्र कोर्टात टिकले नाहीत.

माझी कसोटी अशी. त्या माणसाचा फायदा मालाच्या वापरातून किंवा पुढच्या विक्रीतून येतोय, की दुसऱ्याला तो माल मिळत नाही यातून? मालावर मुद्दाम तोटा सोसून सौद्यावर कमावत असेल तर शंका घ्यायलाच हवी.

मंदार७७

उत्तररंग, कसोटी तर्काला धरून आहे, पण सिद्ध कशी करणार? मनातलं कोर्टात कसं आणणार?

सायली_व

मंदार७७, ईमेल आणि फोनचं ध्वनिमुद्रण. या प्रकरणांत बहुतेक वेळा लोक स्वतःच लिहून किंवा बोलून ठेवतात. आमचं निम्मं काम तेच वाचण्याचं असतं.

निशिगंधा

सामान्य माणसाला किंवा छोट्या कारखानदाराला कोंडी होतेय हे आधी कुठे दिसतं?

ताम्रपट

निशिगंधा, मी रोज तीन गोष्टी बघतो. पहिली, गोदामातल्या एकूण मालापैकी किती वॉरंटं रद्द झालीत, म्हणजे किती माल उचलायला काढलाय. एकूण साठा भरपूर दिसतो आणि त्यातला निम्मा निघायच्या वाटेवर असतो. दुसरी, रोखीचा आणि तीन महिन्यांचा भाव यांतला फरक. रोख एकदम वर चढू लागला की कान टवकारायचे. तिसरी, एलएमई रोज प्रसिद्ध करते तो तक्ता, ज्यात एका हातात ३०, ४०, ५० टक्क्यांहून जास्त वॉरंटं आहेत का ते कळतं. नाव नसतं, पण टक्केवारी असते. आणि करारात भाव एका दिवसाचा न धरता महिन्याच्या सरासरीचा धरतो, म्हणजे एखाद्या वेड्या दिवसाचा फटका वाटला जातो.

धातुवेडा

ताम्रपट, सरासरीने एलएमईचा भाव सांभाळला जाईल, प्रीमियमचं काय? तो एक्स्चेंजवर ठरत नाही. भाव नोंदवणाऱ्या संस्था मोजक्या सौद्यांवरून आकडा काढतात. इंधन तेलात ग्लेनकोर या व्यापारी कंपनीने याचाच फायदा घेतला. लॉस एंजेलिस आणि ह्यूस्टन बंदरांच्या भावासाठी प्लॅट्स या अशाच संस्थेच्या ठरावीक वेळेत बोली लावून आकडा आपल्याला हवा तिकडे ढकलायचा आणि त्या आकड्यावर बांधलेल्या मोठ्या करारांत कमवायचं. २०२२ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला.

ताम्रपट

म्हणून आम्ही प्रीमियम तिमाहीला वेगळा ठरवून करारात आकडाच लिहून घेतो, कुणाच्या नोंदीशी बांधत नाही. पुरवठादार कुरकुर करतात, दोन-चार सेंट जास्त मागतात, पण ते परवडतं. धातुवेडा, भाव नोंदवणाऱ्या संस्थांवर वेगळा धागा काढाल का? इथे प्रतिसाद वाढत चाललेत आणि तो विषय पूर्ण लिहायला जागा हवी.

धातुवेडा

काढतो. या शनिवार-रविवारी लिहायला बसतो. सायली, तुम्ही अनुपालनाच्या बाजूने भर घालाल ना?

सायली_व

नक्की.